मुदतवाढ मागण्याआधी काम ठरवा

ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. त्या स्वतः पुण्यात नोकरी करतात. बाबा वडोदऱ्याला, मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या (जीआयडीसी) एका ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात वाइंडिंग, म्हणजे तांब्याची पट्टी गुंडाळून कॉइल करण्याच्या विभागाचे सुपरवायझर. १९९८ पासून एकाच कंपनीत, म्हणजे २८ वर्षं. पाच महिन्यांनी ५८ पूर्ण होतात. घराचं कर्ज अजून चार वर्षं आहे आणि धाकटा भाऊ इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कंपनी म्हणते, "तेव्हाचं तेव्हा बघू." बाबा म्हणतात, "ठेवतील, मला कोण सोडतंय." आणि ताई विचारतात, बाबांना मुदतवाढ मिळावी म्हणून आम्ही काय करू शकतो?

मी ३४ वर्षं पर्सोनेलमध्ये, म्हणजे कर्मचारी खात्यात काढली, आधी मकरपुऱ्यात आणि नंतर पोर गावाच्या बाजूला. आता सात-आठ छोट्या कारखान्यांचं पीएफ, ईएसआय (कामगार विमा), नेमणूकपत्रं, स्टँडिंग ऑर्डर (कारखान्याचे सेवानियम) हे सगळं बघतो. माझं वय ६६ आहे आणि आठवड्यातले चार दिवस कामावर जातो. या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना मी बसलो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताई, तुमचा खरा प्रश्न मुदतवाढीचा नाही असं मला वाटतं. मुदतवाढ म्हणजे एक वर्षाचा कागद. तो संपला की ५९ व्या वर्षी हाच प्रश्न पुन्हा दारात येतो, आणि तेव्हा बाबांचा हात आजच्यापेक्षा कमजोर असतो. खरा प्रश्न असा आहे की साठाव्या वर्षी, बासष्टाव्या वर्षी बाबा त्या कारखान्यात नक्की कोणतं काम करत असतील? "तेव्हाचं तेव्हा बघू" असं मॅनेजर म्हणतो त्यात बहुतेक वेळा मनात खोट नसते. त्याच्याकडे या प्रश्नाचं उत्तर नसतं, आणि उत्तराशिवाय तो शेठजींच्या सहीला कागद नेऊ शकत नाही. ते उत्तर तुम्ही तयार करून द्यायचं आहे.

हे मी एका चुकीतून शिकलो, ती सांगतो.

पंधराएक वर्षांपूर्वी आमच्या कारखान्यात एक वाइंडर ५८ चे झाले. सगळे त्यांना काका म्हणायचे. माणूस हवा होता, तेव्हा मी एका ओळीचं पत्र काढलं: आपली सेवा एक वर्षासाठी वाढवण्यात येत आहे. बाकी सगळं तसंच राहिलं. तेच मशीन, त्याच तीन पाळ्या, तोच रात्रपाळीचा आठवडा. जूनमधल्या एका रात्री, तीनच्या सुमाराला, उभ्या वाइंडिंग मशीनच्या प्लॅटफॉर्मवरून उतरताना त्यांची पायरी चुकली. मनगट मोडलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळे म्हणाले, काकांचं वय झालं. मी जागेवर जाऊन पाहिलं, तर पायरीवरची ट्यूब आठवडाभर बंद होती आणि पायरीच्या कडेला पिवळा पट्टाही नव्हता. तिथं तिशीतला पोरगाही पडला असता. पण काकांचं वय सगळ्यांना आधी दिसलं. मी तारीख बदलली होती आणि काम बदललं नव्हतं, ही माझी चूक होती.

प्लास्टर निघाल्यावर काका परत आले, तेव्हा मी त्यांना कँटीनमध्ये बसवून विचारलं, "तुमच्या कामातलं असं काय आहे जे फक्त तुम्हालाच येतं?" त्यांना सांगता येईना. "सगळंच करतो की साहेब," एवढंच म्हणाले. तीस वर्षं हाताने काम केलेल्या माणसाला हा प्रश्न तोंडी विचारून उपयोग नसतो, हे मला तेव्हा कळलं. मग मी एक पूर्ण पाळी त्यांच्या शेजारी स्टूल टाकून बसलो, वही घेऊन.

कागद गुंडाळलेली तांब्याची पट्टी रिळावरून मशीनकडे जात होती आणि काकांचा अंगठा आणि तर्जनी तिच्यावर सैलसर ठेवलेली होती. मध्येच त्यांनी पायातला ब्रेक दाबला. मला काहीच दिसलं नव्हतं. त्यांनी पट्टी उलटी फिरवून दाखवली, खालच्या बाजूला कागदाचा एक पदर नखाएवढा उसवला होता. तेवढ्या जागी पट्टी लपेटली आणि मशीन पुन्हा सुरू केलं. थोड्या वेळाने पलीकडच्या मशीनवरचा मुलगा हाक मारत आला, "काका, आ तो तमे ज करी आपो." (हे तर तुम्हीच करून द्या.) त्याच्या कॉइलमध्ये समांतर पट्ट्यांची अदलाबदल, म्हणजे ट्रान्सपोझिशन, करायची होती. त्या वळणाला पट्ट्यांच्या कडा एकमेकींवर घासल्या तर इन्सुलेशन तिथंच कापलं जातं. काका गेले, प्रेसबोर्डचा, म्हणजे इन्सुलेशनच्या जाड पुठ्ठ्याचा, तुकडा सरकवला, लाकडी हातोडीने दोन हलके ठोके दिले आणि परत आले. दुपारी ड्रॉइंगमध्ये दाखवलेली लीडची, म्हणजे कॉइलमधून बाहेर येणाऱ्या टोकाची, बाजू उलटी आहे हे त्यांनी डिझाइनवाल्यांना फोन करून सांगितलं. ते खरं निघालं.

संध्याकाळी वही पाहिली. आठ तासांपैकी साधारण पाच तास ते जे करत होते ते शिकलेला कोणताही मुलगा करू शकला असता. उरलेल्या तीन तासांचं काम त्या शेडमध्ये दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. आणि त्या तीन तासांचा त्यांच्या हुद्द्यात, पगारपत्रकात, कुठेही उल्लेख नव्हता.

आम्ही त्या तीन तासांचंच काम उभं केलं. जनरल शिफ्ट. सकाळी आलेल्या तांब्याची आणि प्रेसबोर्डची तपासणी. प्रत्येक नव्या डिझाइनच्या पहिल्या कॉइलवर त्यांची सही झाल्याशिवाय दुसरी सुरू करायची नाही. दोन मुलं त्यांच्या हाताखाली शिकायला. उभ्या मशीनच्या प्लॅटफॉर्मवर चढायचं नाही, रात्रपाळी नाही. काका ६४ पर्यंत आले, आणि स्वतः सांगून थांबले.

तर बाबांसाठी पहिलं काम हे. पुढचे दोन आठवडे रोज संध्याकाळी फोन करून त्यांना एकच विचारा: आज तुम्हाला कोणी कोणी हाक मारली आणि कशासाठी? "काम कसं झालं" असं विचारू नका, त्याचं उत्तर "ठीक" असं येतं. हाक कोणी मारली हे माणसाला आठवतं. तुम्ही लिहून ठेवा. पंधरा दिवसांत कागदावर एक नवा हुद्दा आपोआप दिसायला लागेल.

मग तो हुद्दा कंपनीच्या भाषेत मांडा. "२८ वर्षं इमानदारीनं नोकरी केली" हे वाक्य खरं आहे, मनापासूनचं आहे, पण प्रॉडक्शनच्या माणसाला त्याचं काय करायचं ते कळत नाही. त्याला कळतं ते असं: टाकीत बसवून, तेल भरून झालेला ट्रान्सफॉर्मर टेस्टिंगला नापास झाला तर तेल काढा, टाकीतून वर काढा, कॉइल सोडवा, नवी वाइंड करा, पुन्हा भट्टीत वाळवा. तांबं भंगारात तरी जातं, इन्सुलेशन पूर्ण वाया. वर माल उशिरा गेला म्हणून वीज कंपनी बिलातून दंड कापते तो वेगळा. वाइंडिंगच्या टप्प्यावर चूक पकडणारा माणूस या सगळ्याच्या आधी उभा असतो. गेल्या वर्षभरात बाबांनी अशा किती चुका पकडल्या, त्यातल्या चार-पाच तरी जॉब नंबरसकट आठवून लिहायला सांगा. त्या यादीला मॅनेजर नाही म्हणत नाही, निदान लगेच तरी म्हणत नाही.

आता शरीराचं बोलू, कारण घरातले लोक हे बोलायचं टाळतात.

साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांश प्रकाश पोचतो. म्हणून चाळिशीचा नंबर बरोबर असूनही बाबा ड्रॉइंग खिडकीजवळ नेऊन वाचत असतील. त्यावर इलाज आहे तो टेबलावर जास्त उजेडाचा आणि हाताने फिरवता येणाऱ्या भिंगाच्या दिव्याचा. गुडघ्यांसाठी उंची बदलणारं स्टूल, सिमेंटच्या जमिनीवर रबरी किंवा लाकडी पाट. आणि आपल्याकडे सगळ्यात मोठा त्रास उन्हाचा. मे महिन्यात वडोदऱ्याचा पारा ४३-४४ ला जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये भट्टी चालू असते. बाबा रक्तदाबाची गोळी घेत असतील तर काही गोळ्यांनी लघवीवाटे पाणी आणि मीठ जास्त जातं. उन्हाळ्याआधी डॉक्टरांना "मी भट्टीजवळ काम करतो" हे शब्द सांगून गोळी विचारून घ्या. बहुतेक कामगार डॉक्टरांना आपलं काम काय आहे ते सांगतच नाहीत.

या बदलांना खर्च फार येत नाही, हे पटवायला एक उदाहरण मी नेहमी शेठ लोकांना देतो. जर्मनीत डिंगोल्फिंग इथं बीएमडब्ल्यूच्या कारखान्यात २००७ साली त्यांनी एका लाइनवर मुद्दाम सरासरी ४७ वर्षं वयाचे कामगार नेमले, कारण दहा वर्षांनी आपल्या कारखान्याचं सरासरी वय तेवढं होणार हे त्यांना दिसत होतं. मग त्या कामगारांनाच विचारून साधारण ७० बारीकसारीक बदल केले. लाकडी जमीन, बसायला खुर्च्या, भिंगं, मोठ्या अक्षरांचे पडदे, पाळीत कामाची अदलाबदल. वर्षभरात त्या लाइनचं उत्पादन ७ टक्क्यांनी वाढलं. मला त्यातला "कामगारांनाच विचारून" हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एक सावधगिरी मात्र घ्या. बाबांनी "मला दिसत नाही, दिवा द्या" असं म्हणू नये. "तपासणीच्या टेबलाला दिवा हवा" असं म्हणावं. दिवा टेबलाचा असला की तो सगळ्यांच्या कामाला येतो, आणि बाबांच्या नावावर वयाचा शिक्का बसत नाही.

कायद्याच्या आणि कागदाच्या गोष्टी आता एकेक घेतो.

खासगी कंपनीत निवृत्तीचं वय सगळ्यांना सरसकट लागू होणाऱ्या एका कायद्याने ठरलेलं नाही. ते नेमणूकपत्रात, स्टँडिंग ऑर्डरमध्ये किंवा युनियनबरोबरच्या करारात असतं. गुजरात सरकारी नोकरांचं वय ५८ आहे, केंद्राचं १९९८ पासून ६० आहे, आणि आपल्याकडच्या बऱ्याच कारखान्यांनी ५८ ठेवलंय ते पीएफच्या पेन्शनशी जुळतं म्हणून. जपानसारख्या देशात २०१३ पासून इच्छा असलेल्या प्रत्येकाला ६५ पर्यंत काम देणं कंपनीवर बंधनकारक आहे, आणि २०२१ पासून ७० पर्यंत प्रयत्न करावा असंही कायदा सांगतो. तिथेही बहुतेक लोक निवृत्त होऊन नव्या करारावर, कमी पगारावर परत येतात. आपल्याकडे तसा हक्क नाही. म्हणून भांडून मिळणारी ही गोष्ट नाही, मांडून मिळणारी आहे.

कंपनी तयार झाली तर ती दोनपैकी एक कागद पुढे करेल. एक, ठरावीक मुदतीची नेमणूक, म्हणजे फिक्स्ड टर्म. दुसरा, "कन्सल्टंट" किंवा "रिटेनर", दरमहा बिल द्या आणि फी घ्या. कंपनीला दुसरा सोपा पडतो, कारण त्यात पीएफ नाही, रजा नाही, बोनस नाही. माझा नियम साधा आहे: बाबांचा हात मशीनला लागणार असेल तर ते कामगार म्हणून रोलवरच असले पाहिजेत. फक्त बघणं, तपासणं, सांगणं असेल तर रिटेनर चालेल. कारण हात मशीनला लागतो तिथे अपघात होतो, आणि कन्सल्टंट म्हणून सही केलेल्या माणसाला भरपाई मिळवताना "मी खरा कामगारच होतो" हे सिद्ध करत बसावं लागतं. मोडलेल्या हाताने ते करणं फार कठीण असतं. मी पाहिलंय.

फिक्स्ड टर्मवाल्याला कायम कामगाराइतकेच फायदे द्यायचे असतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रम संहितांप्रमाणे अशा कामगाराला एक वर्ष पुरं झालं की त्या प्रमाणात ग्रॅच्युइटीही मिळते. म्हणून मुदत एक वर्षाची मागा. काही कंपन्या अकरा महिन्यांची देतात. तेवढ्यावर अडून बसू नका, पण विचारा जरूर.

ग्रॅच्युइटी: ५८ ला कंपनी जुनी नोकरी संपवून नवी सुरू करणार असेल तर जुन्या २८ वर्षांची ग्रॅच्युइटी तेव्हाच घ्या, "नंतर एकदमच देऊ" याला मान डोलावू नका. हिशेब असा: शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून समजा २६,००० असेल, तर त्याला २६ ने भागून १५ ने गुणा, १५,००० आले, त्याला २८ ने गुणा. ४,२०,००० रुपये. देय झाल्यापासून ३० दिवसांत द्यायची असते.

पेन्शन: बरेच लोक समजतात की नोकरी चालू असताना पीएफचं पेन्शन मिळत नाही. मिळतं. ५८ पूर्ण झाली की पेन्शन योजनेतलं सदस्यत्व संपतं, बाबा त्याच कंपनीत काम करत राहिले तरी. त्यानंतर कंपनीचा १२ टक्के हिस्सा पूर्ण पीएफमध्ये गेला पाहिजे, त्यातले ८.३३ टक्के पेन्शनकडे वळवायचे नाहीत. ही चूक मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे की सांगायची सोय नाही. महिन्याचं चलन भरणारा मुलगा जुनीच शीट पुढे ओढतो, पैसे चुकीच्या खात्यात जातात आणि ते दुरुस्त करायला पीएफ ऑफिसच्या महिनोन्महिने फेऱ्या माराव्या लागतात. ५८ नंतरच्या पहिल्याच महिन्याचं पासबुक उघडून पेन्शनच्या रकान्यात शून्य आहे ना ते बघा.

रक्कम किती? इथे लोकांची फार निराशा होते, म्हणून आधीच सांगतो. सूत्र आहे पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. वीस वर्षांवर नोकरी असली तर दोन वर्षं वाढीव धरतात. पण सप्टेंबर २०१४ पूर्वीच्या वर्षांना पगाराची मर्यादा ६,५०० आणि नंतरच्या वर्षांना १५,०००. बाबांची साधारण १६ वर्षं आधीची, १२ नंतरची. ढोबळ हिशेब सव्वाचार ते साडेचार हजार महिना. कंपनीत कोणी तुम्हाला "पेन्शन दोन वर्षं पुढे ढकला, दर वर्षी ४ टक्के वाढेल" असं सांगेल. हे खरं आहे, ६० पर्यंत ढकलता येतं. पण ४,४०० धरले तर दोन वर्षांत १,०५,६०० रुपये न घेता सोडायचे, आणि त्याबदल्यात पुढे महिन्याला साडेतीनशेच्या वर थोडेसे जास्त. सोडलेली रक्कम भरून यायला चोवीस वर्षं लागतात. योगदान चालू ठेवून ढकललं तर हिशेब थोडा सुधारतो, तरी मी घराचं कर्ज असलेल्या माणसाला ५८ लाच पेन्शन घ्यायला सांगतो.

पीएफची मोठी रक्कम मात्र काढायची घाई करू नका. निवृत्तीनंतर पूर्ण रक्कम काढलेल्या माणसाला पुन्हा पीएफमध्ये घेण्याचं बंधन कंपनीवर राहत नाही, आणि कंपनी तोच मुद्दा पुढे करते.

दवाखाना: नवा पगार २१,००० च्या आत आला तर ईएसआय पुन्हा लागू होतं, त्याला वयाची वरची अट नाही, आणि आईंनाही उपचार मिळतात. पगार त्याहून थोडासाच जास्त ठरत असेल तर हा हिशेब जरूर करून बघा. वर असेल तर कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये नाव चालू ठेवायची अट पत्रातच लिहून घ्या. ती होत नसेल तर स्वतःची पॉलिसी बाबा नोकरीत असतानाच काढा, कारण आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं. ती तीन वर्षं जितक्या लवकर सुरू होतील तितकं बरं.

पगार कमी होईल का? बहुधा होईल. इथे मी एक वेगळा हिशेब करायला सांगतो. ग्रॅच्युइटीतून कर्जाचा मोठा हप्ता एकदम भरला, पेन्शन सुरू झालं, तर घराला महिन्याला खरोखर किती कमी पडतात? तो आकडा आधी काढा. कितीतरी घरांत तो आकडा पूर्ण पगाराच्या निम्म्यावर येतो, आणि मग सहा दिवसांऐवजी चार दिवसांचं काम मागता येतं. चार दिवसांचा माणूस कंपनीला स्वस्त पडतो आणि त्याला गुडघेही जास्त वर्षं साथ देतात.

हे सगळं लिहिलं तरी काही गोष्टी परिस्थितीवर आहेत. बाबांना साखर असेल आणि बोटांना बधिरपणा येत असेल, तर पट्टीवर हात ठेवणारं काम मी देणार नाही, कितीही कुशल असले तरी. तपासणीतही डोळे आणि बोटं दोन्ही लागतात. दुसरं, नव्या कामात बाबांच्या हाताखाली शिकलेला मुलगा बहुधा त्यांचा सुपरवायझर होईल. काही लोकांना ते रोज सकाळी टोचतं. आणि तिसरं, काही माणसांना शिकवायचं नसतं. आमच्या टूलरूममधले एक फिटर असे होते. डाय बसवताना मुलांना बाहेर पाठवायचे. शिकवण्याच्या अटीवर आम्ही त्यांना ठेवलं, आणि वर्षभरात दोघांनाही मनस्ताप झाला. ते वाईट नव्हते. आपलं येतं ते दिलं की आपली गरज संपेल, ही भीती त्यांना होती, आणि ती भीती दूर करणारं काही मी त्यांना दिलं नव्हतं. "शिकवाल तोवर ठेवू" असं पत्रात लिहिलं, की माणूस शिकवणं लांबवणारच. मुदत शिकवण्याला बांधू नका, तपासणीच्या कामाला बांधा, आणि शिकवणं त्या कामाच्या ओघात होऊ द्या.

म्हणून बाबांना एकदा स्पष्ट विचारा, की त्यांना राहायचंय का. "मला कोण सोडतंय" याच्या आत कधी कधी "मला सोडलं तर मी काय करू" हे असतं, आणि कधी कधी खरोखर दमलेला माणूस तुमच्या भावाच्या फीसाठी थांबायला तयार असतो. दोन्हीची उत्तरं वेगळी आहेत. आईंना विचारलंत तर जास्त खरं उत्तर मिळेल. रात्रपाळीनंतर माणूस कसा घरी येतो हे त्यांनी २८ वर्षं पाहिलंय.

कंपनीने नकार दिला, तर दारं बंद होत नाहीत. वीज कंपनीचे जळालेले ट्रान्सफॉर्मर दुरुस्त करणारे छोटे कारखाने, मोटर रिवाइंडिंगची वर्कशॉप, आयटीआयमध्ये तासिकेवर शिकवणं, माल घेणाऱ्या कंपनीच्या वतीने कारखान्यात जाऊन तपासणी करणं, हे सगळं वडोदऱ्यात आहे. केंद्र सरकारचं सेक्रेड नावाचं पोर्टल २०२१ पासून आहे, साठीनंतर काम हवं असणाऱ्यांसाठी. साठ झाल्यावर तिथे नाव नोंदवा. पण आमच्या धंद्यात काम तोंडी फिरतं. बाबांच्या हाताखालची जी मुलं सोडून दुसरीकडे गेली, ती आज वडोदऱ्याच्या आसपासच, सावली, मंजुसर, हालोल या गावांतल्या कारखान्यांत सुपरवायझर असतील. त्यांना फोन करायला बाबांना संकोच वाटेल. तरी त्या मुलांचे नंबर आत्ताच लिहून घ्या. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये या शहरात कलाभवन ही तंत्रशिक्षणाची शाळा काढली, तेव्हापासून इथे हाताचं काम शिकवणाऱ्या माणसाला मान आहे. माझा अनुभव आहे की त्यातला एक तरी मुलगा दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन दारात येतो.

वेळेचं सांगतो. पाच महिने म्हणजे कमी वेळ नाही, पण जास्तही नाही. दोन आठवडे हाकांची वही. तिसऱ्या आठवड्यात तुम्ही वडोदऱ्याला या आणि दोघं बसून एक पानाचा कागद करा: काम काय, दिवस किती, कोणती पाळी, काय करणार नाही. गुजरातीत किंवा इंग्रजीत, जे तिथे चालतं ते. मग तो कागद घेऊन बाबांनी स्वतः प्रॉडक्शनच्या साहेबांकडे जायचं, सकाळच्या राउंडनंतर, चहाच्या आधी. पर्सोनेलकडे नंतर. आमच्याकडे आधी आलं की आम्ही नियम काढतो. प्रॉडक्शनने "हा माणूस मला हवाय" म्हटलं की आम्ही तोच नियम वेगळ्या नजरेने वाचतो. तुम्ही फोन करू नका. मुलीचा फोन आला की ती विनंती होते.

आणि तिथे जाण्याआधी घरातलं १९९८ चं नेमणूकपत्र शोधा. आमच्या पिढीची माणसं ते गोदरेजच्या कपाटात, लग्नाच्या अल्बमखाली, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवतात. त्यात निवृत्तीचं वय ५८ लिहिलंय, ६० लिहिलंय, की काहीच लिहिलेलं नाही, ते वाचून मला कळवा. ६० असेल तर वरचं बरंचसं दोन वर्षं पुढे जाईल, आणि आपण फक्त दिव्याचं आणि रात्रपाळीचं बोलू.